हात गुंतलेले असताना

ईए स्पोर्ट्सचा ‘क्रिकेट ०७’ हा व्हिडिओ गेम २००६ च्या नोव्हेंबरमध्ये आला. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाच्या संघांचे परवाने त्यात होते, भारताचा नव्हता. त्यामुळे आपल्या खेळाडूंची नावं मोडूनतोडून घातलेली आणि अंगावरची जर्सी परकी वाटावी अशी. मग चाहत्यांनीच तो दुरुस्त करायला घेतला. जर्सीच्या कापडाचं चित्र, म्हणजे टेक्सचर, ज्या फाइलमध्ये असतं ती उघडायची, चित्र बदलायचं, फाइल परत जागेवर ठेवायची. खेळाडूंची यादी वेगळी, चेहरे वेगळे, धावफलकाची पट्टी वेगळी. अशा तुकड्यांचा मिळून एक पॅच व्हायचा आणि तो पेन ड्राइव्हवरून हॉस्टेलभर फिरायचा. या पॅचेसमध्ये भारताच्या जर्सीवर ‘सहारा’ ठसठशीत लिहिलेलं असे. पुढे आयपीएलचे पॅच आले तेव्हा सीमारेषेबाहेरच्या फलकांवर डीएलएफ आलं. भारताच्या जर्सीवर सहारा जाऊन स्टार आलं, मग ओपो, मग बायजूज. पॅचही त्याप्रमाणे बदलत गेले. जर्सीवर मागच्या हंगामाचा प्रायोजक राहिला असेल तर तो पॅच जुना ठरे.

या कामाचे कुणालाही पैसे मिळत नव्हते. जाहिरात खेळात नव्हती, ती खेळणाऱ्यांनी रात्री जागून आत नेऊन लावली.

आता त्याच कंपनीचं २०२० मधलं उदाहरण घ्या. ‘यूएफसी ४’ हा कुंपणातल्या मारामारीच्या लढतींचा खेळ ऑगस्टमध्ये विक्रीला आला, किंमत साठ डॉलर. महिनाभरात त्यात एक बदल झाला. लढतीतल्या एखाद्या जबर फटक्याचा रीप्ले लागायचा त्याच्या अल्याडपल्याड ॲमेझॉनच्या ‘द बॉईज’ या मालिकेची जाहिरात पूर्ण पडदाभर येऊ लागली. लोक इतके भडकले की ईएने काही दिवसांत ती बंद केली आणि रीप्लेमध्ये जाहिरात घालणं खेळाडूंना नको आहे हे स्पष्ट दिसतं, असं जाहीरपणे मान्य केलं. खऱ्या यूएफसीच्या रिंगणात जमिनीपासून कुंपणाच्या खांबांपर्यंत सगळीकडे जाहिराती असतात. त्या खेळातही होत्याच. त्यांच्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

‘गेमर्सना जाहिराती आवडत नाहीत’ असं विधान जाहिरात क्षेत्रातल्या बैठकांत नेहमी केलं जातं. ते अपुरं आहे आणि अपुरं असल्यामुळेच त्यावर बेतलेले निर्णय चुकतात. खेळणारा माणूस जाहिरातीकडे दोन प्रश्न घेऊन बघतो, बहुतेक वेळा नकळत. ही या जागेची आहे का? आणि हिने माझे हात थांबवले का? दुसरा प्रश्न फार जड आहे. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आलं तर माणूस नाक मुरडतो. दुसऱ्याचं ‘हो’ आलं तर खेळ फोनमधून काढून टाकतो.

टीव्हीवरच्या सामन्यात षटक संपलं की जाहिरात येते आणि आपण उठून पाणी पिऊन येतो. तिथे आपण बघणारे असतो, आणि षटकाच्या शेवटाची उसंत खेळातच असते. व्हिडिओ गेममध्ये आपण बघणारे नसतो. अंगठा स्टिकवर असतो, पुढच्या अर्ध्या सेकंदात काय करायचं ते मनात ठरलेलं असतं, आणि ते ठरवणं शरीरात उतरलेलं असतं. अशा वेळी पडदा काढून घेतला तर नुसता वेळ जात नाही, लागलेली लय तुटते. ती परत लागायला जाहिरातीपेक्षा जास्त वेळ लागतो. पाच सेकंदांची जाहिरात पाच सेकंदांचंच नुकसान करते हे गणित जाहिरात देणाऱ्याच्या तक्त्यात बरोबर असतं आणि खेळणाऱ्याच्या हातात चूक असतं.

फलकांच्या बाबतीत अडचण उलटी आहे. ते कुणाला खुपत नाहीत, पण बऱ्याचदा दिसतही नाहीत. गाड्यांच्या शर्यतीचं उदाहरण घेऊ. ताशी २०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला साधारण ५५ मीटर कापते. रस्त्याकडेचा फलक वाचता येण्याजोगा मोठा दिसतो तो, समजा, शेवटच्या पन्नास मीटरांत. म्हणजे एक सेकंदसुद्धा नाही, आणि त्या सेकंदात डोळे पुढच्या वळणावर असतात. जाहिरात ‘दिसली’ असं मोजण्यासाठी या उद्योगाने २०२२ मध्ये जे निकष ठरवले, त्यांत स्थिर चित्राचा निदान अर्धा भाग सलग एक सेकंद पडद्यावर असावा, असं धरलेलं आहे. व्हिडिओसाठी दोन सेकंद. त्याआधीच्या, २००९ च्या निकषात वेगवेगळ्या वेळी दिसलेले क्षण जोडून दहा सेकंद भरले की एक दर्शन मोजायचे. फलक सुरुवातीच्या रेषेपाशी, संथ वळणाच्या बाहेरच्या अंगाला, दुरुस्तीच्या गल्लीत किंवा गाडी निवडण्याच्या दालनात दिसतात ते या हिशोबामुळे. तिथे गाडी उभी असते किंवा हळू असते. खेळाच्या नकाशाची रचना करणाऱ्याला ही जागा आधीपासून माहीत असली तर तो फलक रस्त्याच्या वळणाशी जुळवून बसवतो. शेवटच्या महिन्यात विक्री विभागाकडून मागणी आली तर फलक मिळेल त्या भिंतीवर चिकटवला जातो आणि सावली चुकीच्या बाजूला पडते. खेळणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण ‘हे नंतर लावलंय’ हे कळतं.

इंटरनेटवरून बदलता येणाऱ्या फलकांची कल्पना जुनी आहे. ‘मॅसिव्ह’ नावाची कंपनी २००२ मध्ये निघाली, मायक्रोसॉफ्टने ती २००६ मध्ये विकत घेतली आणि २०१० मध्ये बंद केली. या मधल्या काळातली सर्वांत गाजलेली जाहिरात राजकीय होती. ऑक्टोबर २००८ मध्ये ‘बर्नआउट पॅरडाइज’मधल्या रस्त्याकडेच्या फलकांवर बराक ओबामा दिसू लागले, मुदतीआधीचं मतदान सुरू झालं आहे, असा मजकूर. एक्सबॉक्सवरच्या एकूण १८ खेळांत आणि अमेरिकेतल्या चुरशीच्या दहा राज्यांपुरतीच ती जाहिरात होती. राजकीय जाहिरात म्हणून वाद झाला, पण खेळ बिघडल्याची ओरड झाली नाही, कारण शहरातल्या रस्त्यावर निवडणुकीच्या दिवसांत उमेदवाराचा फलक असणं ही जगातली सर्वांत साधी गोष्ट आहे, आणि गाडी तर चालूच होती.

याच तंत्राला २००६ मध्ये मात्र फटका बसला होता. ‘बॅटलफिल्ड २१४२’च्या डब्यात एक कागद निघाला. खेळात जाहिराती दाखवण्यासाठी तुमच्या संगणकाचा आयपी पत्ता आणि इतर काही माहिती गोळा केली जाईल. हे मान्य नसेल तर इंटरनेटला जोडलेल्या यंत्रावर हा खेळ चढवू नका, असं त्यात लिहिलेलं. ज्या खेळाचा मुख्य भागच इंटरनेटवर खेळायचा, त्याच्या डब्यात हा कागद, तोही पैसे देऊन डबा फोडल्यानंतर हातात पडणारा. लोक फलकांवर चिडले नव्हते. व्यवहार झाल्यावर अटी बदलल्या, यावर चिडले होते.

पैसे भरलेल्या खेळांतली जवळजवळ सगळी भांडणं या एका गोष्टीपाशी येऊन थांबतात. ‘वाइपआउट एचडी’ २००८ मध्ये प्लेस्टेशन ३ वर आला. लोकांनी तो विकत घेतला, महिनोन्‌महिने खेळला, आणि २००९ मध्ये एका अपडेटनंतर शर्यत लोड होण्याच्या पडद्यावर विमा कंपनीची व्हिडिओ जाहिरात सुरू झाली. तोवर ती जागा रिकामीच होती, त्यामुळे कुणाचं काही अडू नये असं वाटेल. पण जाहिरात शर्यतीच्या फाइलींपेक्षा उशिरा संपत होती. शर्यत तयार असूनही थांबावं लागायचं. लोड होण्याचा वेळ जवळजवळ दुप्पट झाला. खेळाडूंनी घड्याळ लावून मोजलं, दोन्ही व्हिडिओ शेजारी शेजारी ठेवून दाखवलं, आणि सोनीने जाहिरात काढून घेतली. लोड होताना जाहिरात दाखवायचीच असेल तर एक साधा नियम पाळायला हवा: शर्यत तयार झाली त्या क्षणी जाहिरात अर्ध्यावर असली तरी बंद. हा नियम लिहायला प्रोग्रामरला एक दिवससुद्धा लागत नाही. पण जाहिरातदार पूर्ण दाखवलेल्या व्हिडिओचे पैसे देतो, म्हणून तो लिहिला जात नाही. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये ‘एनबीए २के २१’ या बास्केटबॉलच्या खेळात सामन्याआधी न टाळता येणारी हेडसेटची जाहिरात लागली तीही विक्री सुरू होऊन महिना उलटल्यावर, म्हणजे परीक्षणं छापून झाल्यावर. कंपनीने दिलगिरी व्यक्त केली. पण अपडेटची ही वेळ खेळाडूंच्या लक्षात राहिली आहे आणि राहायलाच हवी.

कॅपकॉमने ‘स्ट्रीट फायटर ५’मध्ये डिसेंबर २०१८ मध्ये वेगळी वाट धरून पाहिली. लढवय्यांच्या कपड्यांवर प्रायोजकांचे ठिगळ, लोडिंगच्या पडद्यावर जाहिरात. पण बंद करायची सोय सेटिंगमध्ये होती आणि सुरू ठेवणाऱ्याला खेळातलं चलन थोडं जास्त मिळायचं. तरी टीका झालीच, आणि मला ती योग्य वाटते. लढवय्याचा पोशाख ही खेळणाऱ्याने निवडलेली, कधीकधी पैसे मोजून घेतलेली गोष्ट असते. पण बंद करण्याचं बटण होतं म्हणून तो वाद लवकर निवळला. बटणाची किंमत एवढी आहे.

जागेच्या प्रश्नाकडे वळू. ‘क्रेझी टॅक्सी’त प्रवासी गाडीत बसून केएफसी, पिझ्झा हट, टॉवर रेकॉर्ड्स अशी ठिकाणं सांगायचे. खेळणाऱ्याला तिथेच गाडी न्यायची असल्यामुळे ती दुकानं खेळाचा नकाशाच झाली होती. २०१० मध्ये हा खेळ नव्या यंत्रांवर पुन्हा आला तेव्हा करार संपलेले होते, म्हणून खोट्या नावांची दुकानं बसवली गेली, आणि जुने खेळाडू हळहळले. ‘ॲलन वेक’मध्ये अंधाराशी लढायला टॉर्च लागतो आणि टॉर्चला एनर्जायझरच्या बॅटऱ्या, २०२१ च्या नव्या आवृत्तीत तो ब्रँड गेला. ‘डेथ स्ट्रँडिंग’च्या नायकाच्या खोलीत मॉन्स्टर एनर्जीचे डबे होते आणि ते प्यायल्यावर त्याचा दम वाढायचा, २०२१ च्या दिग्दर्शकीय आवृत्तीत त्यांच्या जागी खेळातल्याच संस्थेच्या नावाचं पेय आलं. तिन्ही ठिकाणी जाहिरात खेळाच्या यंत्रणेत शिरली होती, हाताने वापरायची वस्तू झाली होती. तरी प्रतिक्रिया सारख्या नाहीत. टॅक्सी गिऱ्हाईकाला पिझ्झाच्या दुकानापाशी सोडते, हे कोणत्याही शहरात घडतं. माणसं संपत आलेल्या, उद्ध्वस्त जगात एका विशिष्ट कंपनीचे डबे टेबलावर मांडून ठेवलेले दिसले की खेळणारा त्या जगातून बाहेर फेकला जातो. डबे गेले तेव्हा फारसं कुणाला वाईट वाटलं नाही.

जुने खेळ जपण्याच्या दृष्टीने हा मुद्दा गंभीर आहे आणि त्याकडे कमी लक्ष दिलं जातं. ब्रँडचा करार ठरावीक वर्षांचा असतो. खेळ त्यापेक्षा जास्त जगतो. करार संपला की एक तर खेळ विक्रीतून काढावा लागतो किंवा त्यातली चित्रं, आवाज, कधी संवादसुद्धा बदलावे लागतात. म्हणून करार करतानाच ‘विकल्या गेलेल्या आणि पुढे विकल्या जाणाऱ्या सर्व प्रतींसाठी कायम’ अशी अट घालून घ्यावी, आणि ब्रँडचं नाव असलेली प्रत्येक फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये, बिनब्रँडच्या पर्यायासह ठेवावी. वीस वर्षांनी ती शोधायला मूळ चमूतलं कुणी नसतं.

फोनवरच्या फुकट खेळांत सगळा हिशोब वेगळा होतो. आपल्याकडचे बहुतेक खेळणारे इथेच आहेत. नवी मुंबईच्या गेमेशनचा ‘लुडो किंग’ २०२० च्या टाळेबंदीत घराघरांत पोहोचला तो फुकट होता म्हणून. घरातल्या सात वर्षांच्या आणि सत्तर वर्षांच्या माणसाला एकच खेळ फोनवर उघडता आला. अशा खेळाचा खर्च जाहिरातींतून निघतो हे लोकांना कळतं आणि ते मान्यही असतं. ‘फुकट आहे, जाहिराती येणारच’ हे वाक्य पुण्यातल्या रिक्षाथांब्यापासून पणजीच्या बसपर्यंत कुठेही ऐकू येतं. तक्रार सुरू होते ती कुठल्या क्षणी आणि किती, यावर.

हिशोब असा. समजा, एखादी जाहिरात हजार वेळा दाखवल्याचे खेळ बनवणाऱ्याला शंभर रुपये मिळतात. म्हणजे एका दर्शनाचे दहा पैसे. जाहिराती कायमच्या काढण्यासाठी १५९ रुपये घेतले आणि स्टोअरचा १५ टक्के वाटा गेला, तर हातात साधारण १३५ रुपये उरतात. तेवढे कमवायला त्या माणसाला १३५० जाहिराती दाखवाव्या लागतील. दिवसाला दहा बघणारा माणूस साडेचार महिने टिकला पाहिजे. बहुतेक खेळ फोनवर इतके दिवस टिकतच नाहीत. तरीही जाहिराती काढण्याचा पर्याय मेनूत खोल दडवलेला असतो, कारण भारतात पैसे भरणारे थोडे आणि बघणारे पुष्कळ. खेळ बनवणाऱ्यांना माझं सांगणं आहे की तो पर्याय पहिल्या पडद्यावर ठेवा, तीस-चाळीस रुपयांचा आठवड्याचा पर्यायही ठेवा, आणि तो घेतल्यावर खरोखर सगळ्या जाहिराती जातील असं बघा. ‘मधल्या जाहिराती गेल्या, पण खालची पट्टी राहिली’ यावर येणारा एक तारा पूर्णपणे रास्त असतो.

या जाहिरातींचे मुख्य प्रकार तीन. खाली किंवा वर चिकटलेली पट्टी, नेहमीचं माप ३२० बाय ५०. मधेच येणारी पूर्ण पडद्याची. आणि बक्षिसाची, जी आपण स्वतः बटण दाबून बघतो आणि जिच्या बदल्यात एक जीव, थोडी नाणी किंवा आणखी एक संधी मिळते. २०१४ च्या अखेरीस आलेल्या ‘क्रॉसी रोड’ने हा तिसरा प्रकार घरोघरी नेला आणि पहिल्या तीन महिन्यांत जाहिराती आणि खरेदी मिळून सुमारे एक कोटी डॉलर मिळवले. लोक बक्षिसाच्या जाहिरातीवर चिडत नाहीत कारण तिथे हात त्यांनीच थांबवलेले असतात. त्याआधी ‘फ्लॅपी बर्ड’ तर साध्या पट्टीवरच चालला. दिवसाला पन्नास हजार डॉलर मिळतात असं त्याच्या निर्मात्याने २०१४ मध्ये सांगितलं होतं. पक्षी उडत असताना तिथे काहीही मधे येत नव्हतं.

बक्षिसाच्या जाहिरातीत बिघाड होतो तो वेगळ्याच जागी. तीस सेकंद बघितलं आणि बक्षीस आलंच नाही, ही सर्वांत जास्त येणारी तक्रार. कारण असं की ‘पूर्ण बघितलं’ हा निरोप जाहिरातीचा भाग असलेला कोड खेळाला देतो, आणि जाहिरात बंद झाल्याचा निरोप वेगळा असतो. खेळाने चुकून दुसऱ्या निरोपावर बक्षीस बांधलं, किंवा नेट तुटल्यामुळे सर्व्हरची खातरजमा पोहोचली नाही, की बक्षीस हवेत विरतं. उपाय सरळ आहे: शंका असेल तर बक्षीस देऊन टाकायचं. चार नाण्यांची फसवणूक सोसलेली परवडते, विश्वास गेलेला परवडत नाही. दुसरी चूक म्हणजे जाहिरात आधी उतरवून ठेवून तासाभराने दाखवणं. गूगलच्या ॲडमॉब या जाहिराती पुरवणाऱ्या सेवेत अशी उतरवलेली जाहिरात एका तासानंतर शिळी होते. मग कधीकधी बटण दाबलं की काहीच उघडत नाही. म्हणून जाहिरात हाताशी तयार नसेल तर बटणच दाखवू नये.

मधेच येणाऱ्या जाहिरातीचं दुखणं जुनं आणि खोल. जाहिरात सुरू होताना खेळ पूर्णपणे थांबवावा लागतो, आवाजासकट. नाहीतर परत आल्यावर मधला सगळा काळ एका झटक्यात हिशोबात धरला जातो आणि उडी मारणारं पात्र थेट खड्ड्यात जातं. लुडो किंवा कॅरमसारख्या समोरासमोरच्या खेळात तर थांबवणं शक्यच नसतं. समोरचे तिघे वाट बघत असतात आणि सर्व्हरवरचं घड्याळ चालूच राहतं. जाहिरात संपवून परत येईपर्यंत आपली चाल निघून गेलेली असते, कधी तीन चाली चुकल्या म्हणून डावातूनच बाहेर. डाव सुरू असताना जाहिरात दाखवूच नये, हा नियम अशा खेळांत तरी अपवाद न करता पाळायला हवा. डाव संपून निकाल दिसला, माणसाने तो वाचला, मग दाखवा. हरल्यावर लगेच दाखवू नका. हरलेल्या माणसाला पुन्हा खेळायची घाई असते आणि तो चिडलेला असतो. जिंकल्यावर दाखवलेली जाहिरात जास्त सहन होते.

गूगल प्लेने ३० सप्टेंबर २०२२ पासून हेच नियमांत आणलं. खेळणाऱ्याने काहीतरी करायला बोट लावलं आणि अनपेक्षितपणे पूर्ण पडद्याची जाहिरात आली, हे चालणार नाही; लेव्हल सुरू होताना चालणार नाही; आणि १५ सेकंदांनंतर बंद करता येत नसेल तर चालणार नाही. स्वतःहून बघितलेल्या बक्षिसाच्या जाहिराती यातून वगळल्या आहेत. मुलांच्या खेळांत बंद करता येण्याची मर्यादा पाच सेकंद आहे. पीसीवरचे खेळ विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानात त्याच्या मालक कंपनीचा, वॉल्व्हचा, नियम आणखी कडक: जाहिरात बघितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, किंवा बघितल्याचं बक्षीस मिळेल, अशी रचना असलेला खेळ तिथे घेतच नाहीत. त्यामुळे फोनवरून स्टीमवर येणाऱ्याला पैसे मिळवण्याची सगळी व्यवस्था बदलावी लागते.

नियम असूनही सुटतं ते जाहिरात बंद करायचं फुलीचं बटण. अँड्रॉइडच्या रचनेच्या सूचनांत बोटाने दाबायची जागा निदान ४८ बाय ४८ एककांची, म्हणजे साधारण नऊ मिलिमीटर असावी असं आहे. बऱ्याच जाहिरातींत फुली त्याच्या निम्मीही नसते, पांढऱ्यावर फिकट करडी असते, आणि पहिली फुली दाबल्यावर जाहिरात न संपता तिचा दुसरा पडदा लागतो. फुली खेळ बनवणाऱ्याची नसते, जाहिरातीच्याच फाइलमध्ये बनून आलेली असते. ती हुकली की स्टोअर उघडतं आणि ते जाहिरातीवरचं टिचकणं म्हणून मोजलं जातं. ही सरळ लबाडी आहे, आणि त्यात जाहिरातदाराचेही पैसे वाया जातात, कारण चुकून आलेला माणूस काही विकत घेत नाही.

जाहिरातीतला खेळ आणि प्रत्यक्ष खेळ यांचा मेळ नसणं हा दुसरा प्रकार. ब्रिटनच्या जाहिरात मानक संस्थेने २०२० मध्ये ‘होमस्केप्स’ आणि ‘गार्डनस्केप्स’च्या दोन जाहिराती याच कारणाने बंद केल्या, दाखवलेली कोडी खेळात क्वचितच येत होती.

मुलांच्या हातातल्या फोनबद्दल जास्त काळजीने बोलायला हवं. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांवर पाळत ठेवून त्यांना उद्देशून जाहिराती दाखवायला मनाई आहे. पैसे लावून खेळायच्या खेळांच्या जाहिरातींवर मुंबईच्या एएससीआय या जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेने डिसेंबर २०२० पासून बंधनं घातली होती: त्यांत अठराखालचं कुणी दाखवू नये, आणि धोक्याची सूचना निदान २० टक्के जागेत असावी. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने असे खेळ आणि त्यांच्या जाहिराती दोन्ही बंद केले. तरी परदेशी सट्ट्याच्या जाहिराती लहान मुलांच्या कोड्यांच्या खेळात घुसतात, कारण कोणाची जाहिरात दाखवायची हे ठरवणारा जाहिरातदारांच्या बोलींचा लिलाव आपोआप, काही मिलिसेकंदांत होतो आणि ती फाइल माणसाने पाहिलेली असेलच असं नसतं.

घरी करता येण्यासारखं थोडं आहे. खेळ उतरवण्याआधी गूगल प्लेवर त्याच्या पानावर नावाखाली जाहिराती असल्याची ओळ आहे का ते बघावं. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये गोपनीयतेखाली जाहिरातींचा भाग असतो, तिथे जाहिरात ओळख क्रमांक पुसून टाकता येतो. जाहिराती थांबत नाहीत, पण माग काढणं अवघड होतं. आयफोनवर मागोवा घेण्याची परवानगी विचारणंच बंद करता येतं. एकट्याने खेळायचे बरेचसे खेळ नेट बंद ठेवून चालतात, आणि व्हिडिओ जाहिरातींवर जाणारा रोजचा डेटाही वाचतो. त्यात निर्मात्याचं उत्पन्न बुडतं हे लक्षात ठेवून, खेळ आवडला असेल तर कधीतरी बक्षिसाची जाहिरात स्वतःहून बघावी.

आणि तक्रार करताना नुसतं ‘फार जाहिराती’ असं लिहू नये, त्याने निर्मात्याला काही करता येत नाही. त्याच्याकडे रोज हजारो वेगवेगळ्या जाहिराती वेगवेगळ्या जाळ्यांतून, म्हणजे जाहिराती पुरवणाऱ्या ॲड नेटवर्क्समधून, येतात आणि त्यांतली वाईट कोणती हे त्याला दिसत नाही. जाहिरातीचा स्क्रीनशॉट घ्यावा, शक्यतो तिच्यातल्या ॲपचं नाव दिसेल असा. कोपऱ्यात छोटं ‘आय’ चिन्ह असेल तर ते दाबून कोणत्या जाळ्याची जाहिरात आहे ते टिपून घ्यावं. तारीख, वेळ, फोनचं मॉडेल, आणि जाहिरात नेमकी कधी आली, डाव चालू असताना की संपल्यावर, एवढं लिहून खेळातल्या मदतीच्या पत्त्यावर पाठवावं. एवढी माहिती हातात आली की तो त्याच्या जाहिरात खात्यात जाऊन तेवढी जाहिरात किंवा तो सगळा जाहिरातदार अडवू शकतो.